तिशीनंतरचा विद्यार्थी आणि आपलं मंडळ

जर्मनीत शिकायला वयाची अट नसते, असं पुण्या-मुंबईत सगळे सांगतात. प्रवेशापुरतं ते खरंही आहे. छत्तिसाव्या वर्षी मास्टर्सला अर्ज केला म्हणून कुठलं विद्यापीठ तो बाजूला ठेवत नाही. पण प्रवेशपत्र हातात पडल्यावर नाव नोंदवायला आरोग्य विमा लागतो आणि तिथे ३० हा आकडा आडवा येतो. सरकारी विम्याचा विद्यार्थ्यांसाठीचा दर, महिना साधारण दीडशे युरोंच्या आत-बाहेरचा, तिशीपर्यंतच असतो. ज्या सत्रात तिसावं वर्ष पूर्ण होतं, ते सत्र संपलं की तो दरही संपतो. भारतातून तिशी ओलांडून पहिल्यांदाच येणाऱ्याला तर सरकारी विमा बहुधा मिळतच नाही, कारण स्वेच्छेने सभासद होण्यासाठी आधी काही काळ इथल्या किंवा युरोपातल्या सरकारी विम्यात असावं लागतं. उरतो खासगी विमा.

यातला फरक फक्त हप्त्याचा नाही. सरकारी विम्यात, जोडीदाराला उत्पन्न नसेल तर तो आणि मुलं वेगळा पैसा न भरता सामावली जातात. खासगी विम्यात प्रत्येक डोक्यामागे हप्ता. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांना म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार बरेचदा वगळलेले असतात. बाविशीतल्या पोराला त्याने फरक पडत नाही. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी रोज घ्यावी लागते, आणि नेमकी तीच पॉलिसीच्या बाहेर राहते. निवासपरवाना वाढवायच्या वेळी परदेशी नागरिक कार्यालय अशी पॉलिसी अपुरी ठरवू शकतं, ते आणखी वेगळं.

हे सगळं माहीत असलेली माणसं जर्मनीतल्या प्रत्येक मराठी मंडळात आहेत. तरीही वयाने मोठा विद्यार्थी हे बहुतेक वेळा इथे उतरल्यावर, विमा कंपनीच्या दारात शिकतो. मंडळांनी या विद्यार्थ्यांची वेगळी दखल घ्यावी, तीही ते भारतातून निघण्याआधी, असं या लेखाचं आग्रहाचं म्हणणं आहे.

मंडळाच्या मनातला विद्यार्थी अजूनही एकाच साच्यातला आहे: नुकता पदवीधर झालेला, आईच्या हातच्या चटण्या बॅगेत घेऊन आलेला, गणपतीत खुर्च्या लावायला उत्साहाने येणारा. अशांची संख्या मोठी आहे, यात शंका नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचाच गट सर्वांत मोठा होता. पण या गर्दीत दहा-बारा वर्षं नोकरी करून आलेलेही आहेत, आणि महाराष्ट्रातून ते येणं अगदी स्वाभाविक आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आहेत, नाशकात बॉश आहे. या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपांत जर्मन आराखड्यांवर काम करत ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांच्यापैकी एखाद्याला पस्तिशीत वाटतं की हे शास्त्र मुळापासून शिकावं. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात संध्याकाळच्या वर्गाला बसून तो भाषेची परीक्षा देतो, भारतीय पदव्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएस केंद्राचं प्रमाणपत्र काढतो, नोकरीचा राजीनामा देतो आणि निघतो.

असा माणूस इथे आला की त्याच्या रोजच्या जगण्यात काय घडतं, ते एकदा नीट पाहायला हवं.

पहिला प्रश्न घराचा. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या मोठ्या शहरांत अनेक सत्रं पुढे सरकत नाहीत. मग 'वेगे', म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. तिथे खोली कोणाला द्यायची, हे घरमालकापेक्षा आधीपासून राहणारी मुलं ठरवतात. ती विशी-बाविशीतली असतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसवून विचारतात, तुला काय आवडतं, शनिवारी रात्री काय करतोस, आमच्याबरोबर स्वयंपाक करशील का. दहा जणांच्या हाताखालची टीम सांभाळून आलेला माणूस या मुलाखतीत नापास होतो, आणि का झाला हे त्याला कोणी सांगत नाही. स्वतंत्र घर घ्यावं, तर मालक शुफाचा, म्हणजे लोकांची पत नोंदवणाऱ्या संस्थेचा, दाखला मागतो. या देशात ज्याने कधी बिल भरलेलं नाही, त्याची शुफामध्ये नोंद कुठून असणार? पुण्यात घराचे हप्ते वर्षानुवर्षं वेळेवर भरले, ही पत इथे कुणाला दिसत नाही. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण सगळी रक्कम एकदम मोजून मोकळे होतात.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. मित्राच्या सोफ्यावर झोपणाऱ्याला ते मिळत नाही. पत्त्याची नोंद नसेल तर करक्रमांक अडतो, निवासपरवानाही अडतो. नोंद झाली की मात्र घरटी महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र न चुकता येतं.

पैशाचं गणितही वयाबरोबर बदलतं. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हा हिशेब एकट्या जिवाचा आहे. कुटुंब आणायचं तर जास्त उत्पन्न किंवा जास्त शिल्लक, पुरेशी मोठी जागा आणि सगळ्यांचा विमा, हे सारं दाखवावं लागतं. जोडीदाराला सहसा ए-वन पातळीपर्यंतचं जर्मनही यावं लागतं. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पासूनची ही मर्यादा आधीपेक्षा सैल आहे. पण पुण्यातलं कर्ज, मुलांची फी, आईवडिलांची औषधं यांचा भार बाविशीच्या मुलावर नसतो. सदतिशीच्या माणसावर असतो, आणि ते १४० दिवस त्यातच विरघळतात.

मुलांबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण इथे झालेल्या चुकीची किंमत पालकांच्या आधी मुलाला मोजावी लागते. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे; घरी शिकवून चालत नाही. नऊ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आली की बरेचदा आधी भाषेच्या तयारी वर्गात बसवतात. आणि बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमला जाणार की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत, हे ठरतं. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये हा टप्पा सहावीनंतर येतो. पुढे मार्ग बदलता येतो, पण तो सोपा नसतो. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी तिसरीतल्या मुलाला घेऊन म्युनिकला येणारे आईवडील हे जाणूनच निघाले आहेत का? स्वतःचा प्रबंध लिहीत असताना, स्वतःचं जर्मन अडखळत असताना, शिक्षकांच्या भेटीत मुलाची बाजू मांडायची असते. सात वर्षांच्या मुलाला आणणं आणि नऊ वर्षांच्या मुलाला आणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे बव्हेरियात किंवा बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मुलं वाढवलेली मंडळातली कोणतीही आई पाच मिनिटांत समजावून सांगेल. ती पाच मिनिटं आज कुठेच ठरलेली नाहीत.

छोट्या गोष्टीही सलतात. पंधरा वर्षं मुंबईच्या वाहतुकीत गाडी चालवलेल्या माणसाचा भारतीय परवाना इथे सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने. मंडळात ज्येष्ठ सभासद त्याला नवीन मुलांमध्ये धरतात आणि नवीन मुलं त्याला काका म्हणतात. दोन्हीकडे आदर आणि आपुलकी खरीच असते, पण त्याच्या वयाचं, त्याच्या अडचणीचं कोणी शेजारी बसलेलं नसतं.

एरवी आपला इतिहास अशा विद्यार्थ्यांचा अभिमान बाळगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये दुसऱ्यांदा लंडनला गेले, तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून, रमाबाई आणि यशवंताला मागे ठेवून ते पुन्हा विद्यार्थी झाले, आणि त्याच काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठापर्यंतही पोचले. त्यांच्या त्या वर्षांतल्या काटकसरीबद्दल आपण दरवर्षी एप्रिलमध्ये भाषणं ऐकतो. परीक्षांमागची ती ओढाताण, दूर राहिलेलं घर, पै-पैचा हिशेब, यांचं आपल्याला मोल आहे. तसंच आयुष्य आज आपल्याच शहरात जगणाऱ्या माणसाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही.

यावर दोन आक्षेप हमखास निघतात. एक असा, की ही कर्तीसवरती माणसं आहेत, त्यांना कशाला बोट धरून चालवायचं? पण त्यांचा अनुभव दुसऱ्या व्यवस्थेतला आहे. कुठल्या कार्यालयात काय मागायचं, हे वयाने कळत नाही, राहण्याने कळतं. शिवाय वयाने मोठ्या माणसाला विचारायचा संकोच जास्त असतो. बावीस वर्षांचा मुलगा व्हॉट्सअ‍ॅप गटावर बिनधास्त विचारतो, 'कचरा कुठल्या डब्यात टाकायचा?' छत्तीस वर्षांची बाई तोच प्रश्न दोन आठवडे मनात ठेवते. विमा चुकलाय, असं तिला वाटत असेल तर ती तो प्रश्न वर्षभर मनात ठेवू शकते.

दुसरा आक्षेप असा, की मंडळ सांस्कृतिक आहे, मदत केंद्र नाही. या आक्षेपात तथ्य आहे आणि मर्यादा पाळायलाच हवी. कोणती पॉलिसी घे, हे मंडळाने सांगू नये. कायद्याचा सल्ला देऊ नये. कोणाच्याही भाड्याला जामीन राहण्याचं बंधन सभासदांवर नसावं. त्या कामांसाठी इथे जागा आहेत: श्टुडिरेनडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेचं सामाजिक सल्ला केंद्र, ग्राहकांसाठीचं फेरब्राउखरत्सेंट्राले, विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी कार्यालय. पण या जागा आहेत, हे सांगणं आणि आपल्याला काय अनुभव आला ते मोकळेपणी सांगणं, यासाठी मंडळाची घटना बदलावी लागत नाही. मंडळाच्या नोंदणीसाठी कायद्याला सात सभासद पुरतात. गणपतीच्या हॉलचं आरक्षण, ढोल ठेवायची जागा, नाटकाच्या तिकिटांचा हिशेब हे सगळं निभावणाऱ्या माणसांना या विद्यार्थ्यांसाठी, ते निघण्याआधी, एक बैठक घेणं जड जाऊ नये.

बैठकीत कोणी बोलावं, हेही महत्त्वाचं. यशोगाथा सांगणारे वक्ते नकोत. तिशीनंतर येऊन गेल्या दोन-तीन वर्षांत या सगळ्यातून गेलेली माणसं हवीत. कुटुंब मागे ठेवून आलेला एक, कुटुंबासह आलेली एक, आणि विद्यार्थ्याचा जोडीदार म्हणून आलेलं एक जण. या शेवटच्या माणसाला कायद्याने नोकरी करता येते, पण पहिले सहा महिने पुरेशा भाषेविना घरात काढावे लागतात, आणि त्याबद्दल आजवर कोणी व्यासपीठावरून बोललेलं नाही. एकोणतीस वर्षांच्या मुला-मुलींना तिथे एक गोष्ट ठळकपणे सांगावी: तिशीच्या आत नाव नोंदवताना खासगी विम्यासाठी सरकारी विम्यातून सूट मागितली, तर त्या शिक्षणाच्या काळात ती परत घेता येत नाही. आणि ज्याच्या खिशाला किंवा मुलाच्या वयाला हा प्रवास आत्ता झेपणारा नाही, त्याला 'दोन वर्षं थांबा' किंवा 'आधी एकटे या' असं सांगायचं धैर्यही त्या बैठकीत असावं. भारतातल्या एजंटकडून हे शब्द त्याच्या कानावर पडण्याची शक्यता कमीच.

वेळ मात्र चुकवून चालणार नाही. हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या विद्यार्थ्याने तोवर राजीनामा दिलेला असतो, पॉलिसी घेतलेली असते, मुलाचा दाखला काढलेला असतो. ही बैठक मे महिन्यात, ऑनलाइन, रविवारी भारतातल्या संध्याकाळच्या वेळी व्हायला हवी. तिचं निमंत्रण पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथल्या जर्मनच्या वर्गांपर्यंत पोचवायला हवं. आणि बैठकीनंतर प्रत्येक शहरातल्या दोन सभासदांचे फोन नंबर, त्यांच्या संमतीने, विचारणाऱ्याच्या हाती असायला हवेत.