शेजारच्या उशीवरचा साक्षीदार

रात्री दहानंतर सोसायटीच्या गेटसमोर लाउडस्पीकर वाजत राहिला, तर घाटकोपर असो की बोरिवली, कुणी ना कुणी पोलिसांना फोन लावतोच. नियम आपल्या बाजूने असतो. २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारच्या उशीवरून येणारा आवाज मात्र ५०-६० डेसिबलपर्यंत सहज जातो आणि त्याविरुद्ध दाद मागायला कुठलेही पोलीस ठाणे नाही. सकाळी चहाच्या वेळी तक्रार केलीच, तर घरातले हसतात आणि घोरणारा म्हणतो, ‘‘मी? अगं, मी तर जागाच होतो.’’

या हसण्यात एक धोका आहे. घोरणे हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचा विषय राहिला आहे. लग्नघरात पाहुणे एकत्र झोपले की दुसऱ्या दिवशी कुणाची तरी नक्कल होतेच. पण या थट्टेत दोन साधे प्रश्न विचारायचे राहून जातात. जो घोरतो आहे, त्याचा श्वास रात्रभर नीट चालतो का? आणि जी शेजारी टक्क जागी आहे, तिची झोप कोण मोजतो?

पहिला प्रश्न आधी घेऊ. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. टाळूचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचे मूळ मागे सरकते. हवेची वाट अरुंद होते आणि त्या फटीतून जाणाऱ्या हवेने हे मऊ भाग थरथरतात. हीच थरथर म्हणजे घोरणे. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. काहींची वाट मात्र मध्येच पूर्ण बंद होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि माणूस गचका देऊन पुन्हा श्वास घेतो. असा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला, तर वैद्यकशास्त्र त्याची नोंद घेते. श्वास थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाचपेक्षा जास्त असतील तर ‘स्लीप ॲप्निया’ची शंका पक्की होते, तीसच्या पुढे गेले तर आजार तीव्र समजतात.

हे आजार दूरच्या देशांतले नाहीत. मुंबईतले श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच शहरातला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी झोपेविषयी प्रश्न विचारले आणि त्यातल्या २५० जणांची घरीच झोपेची तपासणी केली. त्यातून निघालेला अंदाज असा, की १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडतो आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसा पेंग येण्यासारखा त्रासही होतो. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी जुहूच्या रुग्णालयात संगीतकार बप्पी लाहिरी यांचे ६९व्या वर्षी निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी छातीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाबरोबर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’चा उल्लेख केला. त्या दिवशी हा शब्द टीव्हीवरून घराघरांत पोहोचला. चार दिवस चर्चा झाली आणि मग घोरणे पुन्हा विनोदाच्या खात्यात जमा झाले.

या आजाराची अडचण अशी, की तो ज्याला आहे त्यालाच तो दिसत नाही. रात्री शंभर वेळा झोप मोडली तरी सकाळी त्यातले काही आठवत नाही. आठवते ते एवढेच, की डोके जड आहे, तोंड कोरडे पडले आहे आणि अंधेरीहून सुटलेली लोकल दादरला पोहोचेपर्यंत उभ्या उभ्या डुलकी लागली. रक्तदाब औषधे घेऊनही आटोक्यात येत नाही, तेव्हा माणूस मिठाला दोष देतो. रिक्षा, टॅक्सी किंवा बस चालवणाऱ्याच्या बाबतीत ही डुलकी प्रवाशांच्याही जिवावर बेतू शकते. उपचार न झालेल्या ॲप्नियाचा संबंध उच्च रक्तदाब, पक्षाघात आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेशी आहे.

म्हणूनच शेजारी झोपणारी व्यक्ती ही या आजाराची पहिली, आणि बहुतेक वेळा एकमेव, साक्षीदार असते. ‘‘अहो, तुमचा श्वास मध्येच थांबतो, मला भीती वाटते,’’ हे बायकोचे वाक्य म्हणजे कुरकुर नव्हे, ते निदानाचे पहिले पाऊल आहे. घरातल्यांनी ते तसेच ऐकावे आणि डॉक्टरांनीही विचारावे. झोपेच्या तक्रारीसाठी एकटा आलेल्या रुग्णाला ‘पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या’ असे सांगायला एक मिनिट लागते.

साक्ष देण्यासाठी हाताशी साधन आहेच. दोन-तीन रात्री मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचे चित्रण करावे. लक्ष आवाजापेक्षा शांततेकडे ठेवावे. घोरणे अचानक थांबते का, छाती हलूनही श्वासाचा आवाज येत नाही का, मग गुदमरल्यासारखा गचका येतो का, हे पाहावे. त्याबरोबर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: वजन, गळ्याचा घेर, रक्तदाब आणि दिवसा पेंग येते का. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर शंका वाढते. एवढे घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा श्वसनविकारतज्ज्ञाकडे जावे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सुरुवात करता येते. पुढची झोपेची तपासणी अनेकदा छोटे यंत्र लावून घरच्या बिछान्यावरही होते.

हा पुरुषांचाच आजार आहे असेही समजू नये. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढते. बायका घोरण्याबद्दल बोलायला लाजतात आणि नवरे त्यांच्याबरोबर दवाखान्यात येऊन तसे सांगत नाहीत. परिणामी थकवा, सकाळची डोकेदुखी, चिडचिड यांवर ‘रक्त कमी आहे’ किंवा ‘टेन्शन घेता’ असे शिक्के बसतात आणि मूळ कारण तसेच राहते.

आता दुसरा प्रश्न, शेजारी जागे राहणाऱ्याचा. ‘वेगळ्या खोलीत झोपा’ हा पुस्तकी सल्ला मुलुंडच्या वन बीएचकेत किंवा घाटकोपरच्या चाळीतल्या खोलीत हास्यास्पद ठरतो. बाहेरच्या खोलीत सासू-सासरे किंवा दहावीचा मुलगा असतो. जिला पहाटे पाण्यासाठी उठायचे, डबे करायचे आणि गर्दीची गाडी पकडायची, तिचा एकेक तास मोलाचा असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९९ साली दहा जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जोडीदाराचे घोरणे उपचाराने थांबताच शेजारच्या व्यक्तीला रात्रीमागे सुमारे एक तास झोप जास्त मिळाली. अभ्यास लहान, पण ज्यांनी ते भोगले आहे त्यांना हा आकडा पटेल.

घरात आजपासून करण्याजोग्या गोष्टी आहेत. बरेच जण उताणे झोपल्यावर जास्त घोरतात. त्यांनी कुशीवर झोपावे. गंजीच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याचा जुना उपाय काहींना लागू पडतो. मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करते, त्यामुळे झोपण्यापूर्वीचे तीन-चार तास ते टाळावे. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते आणि नाक चोंदते. नाक मोकळे ठेवण्याचा उपचार डॉक्टरांना विचारून करावा. वजन जास्त असेल तर ते थोडे कमी झाल्यानेही फरक पडतो. नाकात तेल सोडण्याचा घरगुती उपाय मात्र जपून. तेल श्वासातून फुप्फुसात गेले तर तिथे दाह होऊ शकतो. समाजमाध्यमांवर दिसणारी तोंडाला चिकटपट्टी लावण्याची टूम तर ॲप्निया असलेल्याला घातक ठरू शकते.

जागणाऱ्याने आधी झोपावे. अर्धा तास आधी अंथरुणावर गेल्यास गाढ झोप लागेपर्यंत शेजारचा आवाज सुरू झालेला नसतो. फोमचे कानातले बोळे औषधांच्या दुकानात मिळतात. गजर चुकण्याची भीती असेल तर फोन कंपनावर ठेवून उशीखाली सरकवावा. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर बोळे टाळावेत. पंख्याचा एकसुरी आवाज घोरण्याचे चढउतार थोडे झाकतो. जमिनीवर गाद्या घालत असाल तर एकाने डोके दुसऱ्याच्या पायाकडे करावे. आठवड्यातले दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपायची सोय होत असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अंथरूण वेगळे झाले म्हणून संसार वेगळा होत नाही.

ॲप्निया निघालाच तर त्यावर खात्रीचा उपचार आहे. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीत नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवली जाते. त्यालाच सीपॅप म्हणतात. यंत्र महाग आहे आणि पहिले काही दिवस मुखवट्याची सवय होत नाही. अनेक जण इथेच कंटाळून यंत्र कपाटात ठेवतात. मुखवट्याचे माप बदलणे, दाब पुन्हा ठरवणे यांसाठी डॉक्टरांकडे परत जायला हवे. सौम्य आजारात दंततज्ज्ञाने बनवलेले, खालचा जबडा पुढे ठेवणारे साधनही उपयोगी पडते.

यातले काहीच घोरणाऱ्याला अपराधी ठरवण्यासाठी नाही. तो मुद्दाम घोरत नाही आणि टोमणे मारून कुणाचा घसा रुंद होत नाही. त्याने एवढेच करावे, की सकाळी तक्रार कानावर आली तर हसण्यावारी न नेता विचारावे, ‘‘काल माझा श्वास थांबला होता का?’’ या प्रश्नाचे खरे उत्तर जगात एकाच माणसाकडे असते. त्या माणसाची रात्र आपण घेतली आहे; निदान त्याचे म्हणणे तरी ऐकून घ्यावे, आणि मग दोघांनी मिळून डॉक्टरांची वेळ ठरवावी.