घर कितव्या मजल्यावर?

क्षयरोगाच्या ओपीडीत गेली काही वर्षे मी एक प्रश्न नेमाने विचारते, 'घर कितव्या मजल्यावर?' जिने चढताना धाप लागते का, हे डॉक्टरांना जाणून घ्यायचे असेल, असा बहुतेकांचा समज होतो. पुढचा प्रश्न त्यांना आणखी चमत्कारिक वाटतो, 'दुपारी बारा वाजता घरात ट्यूब लावावी लागते का?' मागच्या पावसाळ्यात एका बाईंनी हसत उत्तर दिले, 'मॅडम, आमच्याकडे दुपार काय अन् रात्र काय, ट्यूब चालूच. खिडकी उघडली की समोरच्यांची मोरी दिसते.' त्यांचा स्वतःचा औषधांचा कोर्स दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाला होता. या वेळी त्या सुनेला घेऊन आल्या होत्या.

हे प्रश्न मला पाठ्यपुस्तकाने शिकवले नाहीत. ते मुंबईतल्याच एका संशोधनातून आले. मानखुर्द-गोवंडीचा भाग म्हणजे महापालिकेचा एम-पूर्व विभाग. तिथल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी मिळून केला. चार हजारांवर घरांचे सर्वेक्षण झाले. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयाचा रुग्ण आढळला. पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभर घरांमागे एक होते. पहिल्या दोन ठिकाणी इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत, तिसरीकडे मोकळी जागा जास्त आहे. खालच्या मजल्यांवर आजार अधिक होता.

सर्वेक्षण तर आपणही करतो. मला या कामातले गणित महत्त्वाचे वाटले. हवा कशी वाहते याची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच लिहिली गेली, नेव्हिए आणि स्टोक्स या दोघांच्या नावाने ती ओळखली जातात. पण ती सर्वसाधारणपणे कागदावर सुटत नाहीत. त्यांना नेहमीच नीट उत्तर असते का, हे सिद्ध करणाऱ्याला दहा लाख डॉलरचे बक्षीस २००० सालापासून जाहीर आहे आणि ते अजून कोणी नेलेले नाही. मग अभियंते काय करतात? इमारतींमधल्या जागेचे लाखो बारीक चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात किती हवा आली, किती गेली याचे अंदाजी उत्तर संगणकाकडून पायरीपायरीने काढून घेतात. विमानाचे पंख आणि हवामानाचे अंदाज याच पद्धतीवर चालतात. मानखुर्दच्या वसाहतींना ती लावल्यावर दिसले की, अरुंद फटीत खालच्या मजल्यांपाशी हवा जवळजवळ साचून राहते. उन्हाचे गणितही तसेच निघाले.

डॉक्टरांना याचे नवल वाटायला नको. उन्हाने क्षयाचे जंतू मरतात, हे खुद्द रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये सांगितले होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात १९५० च्या दशकात वेल्स आणि रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा छपरावरच्या पिंजऱ्यांत सोडली. तिथल्या गिनीपिगना कोणी रुग्ण दिसलाही नव्हता, तरी त्यांना क्षय झाला. पुढे याच दोघांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आले. त्यात खोलीत येणारी ताजी हवा भागाकारात असते. धोका मुळात कमी असेल तेव्हा हवा दुप्पट केली की तो जवळपास निम्मा होतो. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांची मोजणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा. आमच्या रुग्णालयातल्या जुन्या वॉर्डाच्या खिडक्यांना मी पूर्वी नावे ठेवायचे, कारण पावसाचे पाणी आत येई. आता ठेवत नाही.

आणि हे मुंबईला ठाऊक नव्हते असेही नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने चाळींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला होता. भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले तर नजरेचा कोन ६३.५ अंशांपेक्षा चढा नको. साध्या भाषेत, दोन इमारतींमधले अंतर उंचीच्या निम्मे तरी हवे. तीन मीटरच्या फटीला हा नियम सहा मीटर उंची देईल, म्हणजे तळमजला आणि वर एक. चोवीस मीटर उंच इमारतीसमोर तो बारा मीटर मागेल. शंभर वर्षांपूर्वीचे इंग्रज अधिकारी गरिबांचे फार कैवारी होते असे नाही, चाळी पाडताना त्यांनी माणसांना बेघरही केले. पण कोन त्यांनी मोजला.

आज आपण चौरस फूट मोजतो. झोपडपट्टी पुनर्वसनाचे मोफत घर आधी १८० चौरस फुटांचे होते, मग २२५, २६९ आणि आता ३००. हे घर फुकट कसे मिळते? विकासक विक्रीच्या इमारतींतून पैसे काढतो. जमीन सोन्याच्या भावाची, त्यामुळे पुनर्वसनाच्या इमारतींना जितकी कमी जमीन तितका हिशेब जमतो. म्हणून नियमावलीच्या ३३(१०) मध्ये मोकळ्या जागेच्या अटी सैल केलेल्या आहेत. हे अर्थशास्त्र मला समजते. अटी आवळल्या तर योजनाच उभी राहणार नाही, हा युक्तिवादही खोटा नाही.

पण या वहीत एक खाते लिहिलेलेच नाही. मोकळ्या जागेचा खर्च विकासकाच्या वहीत लगेच दिसतो. तिच्या अभावाचा खर्च माझ्या ओपीडीत दिसतो, तोही काही वर्षांनी. औषधे मोफत आहेत, पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात. बुडालेली मजुरी, सुटलेली धुणीभांड्याची कामे, औषधांना न जुमानणारा क्षय झाला तर लांबलेले उपचार, हे कोणत्या प्रकल्प अहवालात असते?

वरच्या अभ्यासातून कार्यकारण पक्के सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. तीन वसाहतींतल्या माणसांचे उत्पन्न, खाणे, एका खोलीतली दाटी यांतही फरक असणारच आणि क्षयाचे मूळ कुपोषणातही आहे. तरीही नकाशा मंजूर करताना अग्निशमनाचा दाखला मागतो, तसा हवेचा आणि उजेडाचा संगणकीय हिशेब मागायला काय हरकत आहे? संपूर्ण प्रकल्पाच्या खर्चात त्याची रक्कम नगण्य ठरेल. धारावीचे नकाशे ठरण्याच्या या दिवसांत तर तो मागायलाच हवा. इमारत उभी राहिल्यावर अंतर वाढवता येत नाही.

त्या बाईंच्या सुनेची थुंकी पॉझिटिव्ह आली. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्याची तपासणी करून प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. खिडकी उघडी ठेवा, असे मी सवयीने सांगितले. केसपेपरच्या कोपऱ्यात पेनने लिहिले, 'दुसरा मजला, दिवसा ट्यूब.' छापील रकान्यांत त्यासाठी जागा नाही.