केदार, काळा आणि एक 'पण'

तुमच्या ऑफिसात एक तरी केदार असणारच. नसेल तर वरच्या मजल्यावर असेल. केदार म्हणजे कसं, पेटंट मराठी नाव! क्रिकेटमध्ये केदार जाधव, सिनेमात केदार शिंदे, गाण्यात तर अख्खा राग केदार. आणि हे सगळं जमा शंकराच्या खात्यात. हिमालयात केदारनाथ, कोल्हापूरला जोतिबा म्हणजेच केदारलिंग. विषय संपला.

नाही संपला, बॉस. हा केदार बायबलमध्येही आहे.

मास कॉम करत असताना माझ्या रूममेटकडे मराठी बायबल होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री माणूस काहीही वाचतो, तसं मी ते वाचलं. उत्पत्तीचं पुस्तक, अध्याय २५. अब्राहामाचा मुलगा इश्माएल, त्याचे बारा मुलगे. थोरला नबायोथ, दुसरा केदार. स्पेलिंगसकट आपलाच! जखऱ्या नावाची माणसं बायबलमध्ये तीसच्या आसपास भेटतात. केदार नावाचा माणूस मात्र हा एकच. पुढे केदार येतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी ते त्याच्या वंशजांच्या टोळीचं नाव असतं.

गेल्या हिवाळ्यात एका स्टोरीसाठी जालन्याहून भोकरदनला जाताना वाटेत केदारखेडा गावाची पाटी दिसली आणि एकदम यशया संदेष्टा आठवला. त्याच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात तो केदारच्या वस्त्यांना, म्हणजे खेड्यांनाच, आनंद करा म्हणून सांगतो. केदार अधिक खेडं! आता एवढ्या भांडवलावर पु. ना. ओकांनी एक ग्रंथ सहज लिहिला असता. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती, तसं अरबस्तानचा केदार म्हणजे आमचा जालन्याचा! आणि फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड सकाळी सहाला आला असता.

तर नातं शून्य. संस्कृतात केदार म्हणजे शेत, त्यातही बांध घालून पाणी धरलेलं. हिब्रूतलं नाव आलं क-द-र या धातूवरून, अर्थ काळवंडणं. केदार म्हणजे काळा, सावळा. गंमत एवढीच, की आपल्या खेड्यांत वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि शेतजमिनीला 'काळी'. जालन्याची कपाशी याच काळीत उभी असते. म्हणजे संस्कृत केदारही शेवटी काळाच निघाला. योगायोग आहे, पण झकास आहे.

ही केदार मंडळी होती कोण? उत्तर अरबस्तानातली भटकी टोळी. मेंढरं, बकऱ्या, उंट. असुरी राजांच्या शिलालेखांत त्यांच्याशी झालेल्या लढाया नोंदवल्या आहेत. इजिप्तमध्ये सापडलेला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला चांदीचा वाडगा आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. त्यावर अरामी लिपीत 'केदारचा राजा' गेशेम याच्या मुलाचं नाव कोरलंय. मुस्लिम परंपरेत अनेक वंशावळी प्रेषित मुहंमदांचं घराणं इस्माईलच्या याच मुलापर्यंत नेतात. म्हणजे आडबाजूला पडलेलं नाव नव्हे हे.

पण मला या नावाची खरी ओळख झाली ती तंबूंमुळे. केदारांचे तंबू काळ्या बकऱ्यांच्या केसांचे. आपल्या धनगरांच्या काळ्या घोंगडीचे मोठे भाऊ समजा. बायबलमध्ये 'गीतरत्न' नावाचं प्रेमकाव्य आहे. त्यातली मुलगी पहिल्याच अध्यायात आपला रंग सांगते, तो केदारच्या तंबूंसारखा. लगेच दुसरी उपमा देते शलमोन राजाच्या पडद्यांची. भटक्याचा तंबू आणि राजवाड्याचा पडदा, एका दमात! वर सांगते, टक लावून बघू नका, भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावलं, उन्हाने रापले.

ही मुलगी स्वतःला काळी म्हणते आणि सुंदरही म्हणते. या दोन शब्दांच्या मध्ये काय आहे? हिब्रूत फक्त एक अक्षर, वाव. त्याचा अर्थ 'आणि' होतो, 'पण'ही होतो. जुन्या ग्रीक भाषांतराने 'आणि' घेतलं. लॅटिनवाल्यांनी 'पण' केलं. १६११च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलनेही 'पण'च ठेवलं. १९८९च्या एका मोठ्या इंग्रजी आवृत्तीत पुन्हा 'आणि' आलं. मधली शेकडो वर्षं ती बिचारी काळी असूनही सुंदर होती!

हा 'पण' आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. २०२०मध्ये फेअर अँड लव्हलीने नावातला 'फेअर' काढला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. घरचा फिल्टर कोण काढणार? विठ्ठल सावळा, त्याच्यासाठी पंढरपूरपर्यंत पायी जायची तयारी. मुलगी सावळी, की लगेच 'पण'.

परवा मावशीने माझा बायोडेटा स्वतः टाइप करून पाठवला. 'रंग सावळा पण नाकीडोळी नीटस.' मी फोन केला.

"मावशी, तो 'पण' काढ. 'आणि' लिही."

"वाचायला विचित्र वाटतं गं ते."

"का?"

"अगं, 'आणि' लिहिलं तर लोकांना कळणार कसं, की रंगाचं आम्हाला माहितेय?"

यावर मला काही सुचलं नाही. फाइल सध्या माझ्याकडे आहे.