काठवटीला तेल कोण लावणार?

आमच्या बीड जिल्ह्यात सध्या काठवट घराबाहेर काढायची साथ आलीय. पीठ मळायला स्टीलची परात, भाजी चिरायला प्लास्टिकची फळी. विचारलं तर म्हणतेत, "लाकडात जंतू धरतेत."

लाकडात जंतू शिरतात हे खरं. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या डीन क्लायव्हर या शास्त्रज्ञानं 1990 च्या दशकात हेच तपासून पाहिलं. लाकडात शिरलेले जंतू वाढत नाहीत, हळूहळू मरतात, असं त्याला दिसलं. प्लास्टिक नवं असताना धुऊन स्वच्छ होतं. पण सुरीचे चरे पडले की जंतू त्यात दडतात आणि हातानं धुऊन नीट निघत नाहीत. आता सांगा, घाण कोण?

लाकूड घाण नसतं, त्याला आपण घाण करतो. काठवट खरकट्यासकट पाण्यात बुडवून ठेवायची, मग कडक उन्हात टाकायची, अन् तडा गेला की लाकडाला नावं ठेवायची. भाकरी झाली की पीठ ओलं आहे तोवर खरवडावं, थोड्या पाण्यानं घासावं, पुसून सावलीत भिंतीला उभी टेकवावी. विळीच्या पाटाला, चिरायच्या फळीला हाच नियम. कांद्या-लसणाचा वास राहिला तर मीठ अन् लिंबाची फोड चोळावी. मटणाची फळी मात्र वेगळी ठेवावी आणि गरम पाणी, साबण लावून लगेच धुवावी.

खरी गोम तेलात आहे. शेंगदाण्याचं तेल लाकडात ओलंच राहतं, खवट होतं. करडईचं, जवसाचं तेल हवेनं हळूहळू घट्ट धरतं, मग लाकूड पाणी कमी पितं. कोरड्या काठवटीला आतून-बाहेरून पातळ चोळावं, सकाळी जास्तीचं पुसावं, काही दिवस वाळू द्यावं. तेल घाण्याचं घ्यावं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसतेल स्वयंपाकघरात नको. अन् तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, पसरून वाळवावं. जवसतेलाच्या बोळ्याला आपोआप आग लागू शकते.

पण करडई राहिली कुठं? रब्बीत ती आपल्याच रानात होती. काट्यांमुळं काढायला मजूर मिळेना, भाव मिळेना, म्हणून आपणच ती मोडली. आता घरात पिशवीतलं सोयाबीनचं तेल, अन् दोष काठवटीला!

आणखी एक, पुरुषांना. गाडीच्या आसाला वंगण, कोयत्याला धार, ट्रॅक्टरला ऑईल आपण न सांगता देतो. जी काठवट ऊसतोडीला कारखान्याच्या तळावरही बायकांबरोबर जाते, तिला महिन्यातून एकदा तेल चोळायला आपले हात झिजतेत का? बाईनं भाकरी थापावी, काठवटही सांभाळावी अन् तडा गेला तर बोलणीही खावी, हा कुठला न्याय? काठवट फेकायच्या आधी तेलाची वाटी हातात घ्या. बायकोला हाक मारू नका.