घरचा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर : आवाज मोठा नको, साफ हवा



बीड जिल्ह्यात परळी-अंबाजोगाईपासून आष्टी-पाटोद्यापर्यंत कुणाच्या माळ्यावर घरी बांधलेला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर पडून असेल, तर तो भंगारात देऊ नका. आवाज घरघरतो, फाटतो, म्हणून नवा महाग व्हॉल्व्ह आणण्याचीही घाई करू नका. दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये नसतो, कंडेन्सरमध्ये असतो. गायनपार्टीत बाजा-ढोलकी ऐकू येते आणि गाण्याचे शब्दच कळत नाहीत, अशी मशीन काय कामाची?

पण आधी जिवाचे बोलू. या मशीनमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डी.सी. असतो आणि बटण बंद केल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहतो. प्लग काढा. मग 10 किलो ओहम, 5 वॅटचा रेझिस्टन्स रबरी आवरणाच्या क्लिपांनी त्या कंडेन्सरला दहा सेकंद लावा आणि मीटरने शून्य पाहूनच हात घाला. लहान पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पहिले काम घरघरीचे. आपली वीज 50 सायकलची, ती डी.सी. होताना 100 सायकलची लहर उरते आणि ती गाळण्याचे काम मोठे कंडेन्सर करतात. वर्षानुवर्षांत ते आतून सुकतात. ते बदला, पण वाटेल तेवढे मोठे घालू नका. ईझेड-81 हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल, तर त्याच्या लगतचा कंडेन्सर 50 मायक्रोफॅरडच्या वर नको; व्हॉल्व्ह जातो. फिलामेंटच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन पत्र्याच्या कडेने न्या.

दुसरे काम फाटक्या आवाजाचे. पहिल्या ईसीसी-83 कडून ईएल-84 कडे आवाज नेणारा 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गळू लागला, की ईएल-84 च्या दोन नंबरच्या पायावर डी.सी. येतो, व्हॉल्व्ह अति तापतो आणि शब्द चिरकतात. मीटरची काळी तार पत्र्याला क्लिपने लावा, एक हात खिशात ठेवा आणि त्या पायावर पाहा. काटा हलला, तर 630 व्होल्टचा नवा कंडेन्सर घाला. एवढा छोटा भाग बदलून महागाचा व्हॉल्व्ह वाचतो.

तिसरे काम शेवटीच करा. स्पीकरकडचा थोडा आवाज एका रेझिस्टन्समधून पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे परत न्यायचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना 1927 साली सुचलेली ही युक्ती. मशीन किंचाळू लागली, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन तारा अदलाबदल करा. आवाज थोडा उतरेल, घाबरू नका. जे उतरते त्याच्या बदल्यात स्वच्छपणा मिळतो.

स्पीकर न जोडता मशीन कधीही चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तोच सर्वांत महाग भाग.

एका ईएल-84 मधून पाच-साडेपाच वॅटच निघतात. चौकातल्या सभेला ते पुरणार नाहीत, पण घरच्या बैठकीला, विहारातल्या वीस-पंचवीस माणसांना भरपूर. एका वेळी एकच भाग बदला, ऐका, वहीत लिहा, मग पुढे जा. मीटर वापरायला मुलाबरोबर मुलीलाही शिकवा. शिकलेला हात घरात राहिला, तर पुढची मशीन भंगारात जाणार नाही.