रिपोर्ट नॉर्मल आहे!

रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या तीन शब्दांइतके गोड दुसरे काही नसते. २०११ साली हे शब्द ऐकून मी स्वतः पेढे आणले होते. ते आठवले की आजही घास कडू होतो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, निवृत्त शिक्षक होते. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात गेलेला. एका सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली. “अहो, काय झालं?” काकूंनी विचारले. अण्णा काहीतरी बोलले, पण शब्द तोंडातल्या तोंडात घोळलेले, अर्थच लागेना. पंधरा-वीस मिनिटांत हात हलू लागला, वाणी स्पष्ट झाली आणि “अरे, पित्त झालं असेल,” असे म्हणून अण्णांनीच आम्हाला धीर दिला. शेजाऱ्यांनी ‘वारं गेलं’ असे निदान करून तेलाच्या मालिशीचा सल्ला दिला. तरी आम्ही स्वतःला शहाणे समजणारी माणसे! अण्णांना गाडीत घातले, मेंदूचा सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नाही, गाठ नाही. रिपोर्ट नॉर्मल. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन मंडळी घरी आली.

सहाव्या दिवशी पहाटे काकूंना जाग आली ती अण्णांच्या घशातून येणाऱ्या विचित्र आवाजाने. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. पुण्याला नेल्यावर प्रथमच त्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढले गेले. मानेतली डावी धमनी, जबड्याच्या खाली, दोऱ्याइतकी बारीक झालेली पडद्यावर दिसत होती. डॉक्टर म्हणाले, ही चरबी आठवड्यात साचलेली नाही, वर्षानुवर्षांची आहे. म्हणजे आम्ही पेढे वाटत होतो त्या दिवशीही ती नस तशीच होती. आम्ही पीक बघितले, हिरवे दिसले म्हणून खूश झालो. पाट कुठे तुंबला आहे, हे कोणी बघितलेच नाही.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर या विषयाचा जो नाद लागला, त्यातून एवढे कळले की साधा सीटी स्कॅन खोटे बोलत नाही, त्याला जेवढे विचारले तेवढेच सांगतो. मेंदूत रक्त सांडले असेल तर ते तो तत्काळ दाखवतो, आणि म्हणून तो आधी करायलाच हवा. परंतु रक्तपुरवठा अडला असेल तर पहिल्या काही तासांत त्यात फारसे काही दिसत नाही. हात घटकाभर लुळा पडून पूर्ववत झाला असेल, तर बहुधा काहीच दिसत नाही. आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू शरीरातला सुमारे वीस टक्के प्राणवायू खातो, आणि तो त्याला मिळतो मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्यांतून. त्या बघायच्या तर वेगळी तपासणी करावी लागते.

ती युक्ती जुनी आहे. लिस्बनमध्ये एगास मोनीझ नावाच्या डॉक्टरांनी १९२७ साली मानेतल्या धमनीत आयोडीनचे क्षारद्रव्य सोडून क्ष-किरणांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे झाड प्रथमच काचेवर उमटवले. त्याआधीच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला होता. गंमत अशी, की १९४९ साली मोनीझ यांना नोबेल मिळाले ते या कामासाठी नव्हे, तर पुढे वैद्यकाने टाकून दिलेल्या एका मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी! आज हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देऊन सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत होते. मानेपुरती डॉप्लर सोनोग्राफीही चालते. मात्र आपल्याकडच्या लोकांत कवटीच्या आतल्या नसा अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आहे, तेव्हा नुसती मान बघून भागत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की घटकाभराचा झटका हा ‘टळलेला’ प्रसंग नसून पूर्वसूचना आहे, आणि तो आला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नसांचे चित्र निघालेच पाहिजे. कारण मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. ऑक्सफर्डमध्ये अशा रुग्णांची तपासणी आणि उपचार तातडीने सुरू केले, तेव्हा तीन महिन्यांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आले. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. मानेतली धमनी फार अरुंद झाली असेल तर ती शस्त्रक्रियेने साफ केल्याचा फायदा होतो, हे तर १९९१ पासून ठाऊक आहे. अण्णांच्या वेळी यातले काहीही अज्ञात नव्हते.

उलट ज्यांना काही झालेले नाही, अशा धडधाकट माणसांच्या मेंदूची छायाचित्रे ‘पॅकेज’मध्ये काढण्याची जी टूम निघाली आहे, तिचे मला नवल वाटते. शंभरातल्या सुमारे तीन प्रौढांच्या मेंदूत नसेला लहानसा फुगा असतो. बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही, पण एकदा कागदावर आला की माणसाची झोप मात्र उडते. शिवाय या तपासणीत किरणोत्सर्ग आहे, आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे लागते. हौसेने करण्याची ही गोष्ट नव्हे. ज्याची गरज आहे त्याला मिळत नाही आणि नको त्याला विकली जाते, असा हा उफराटा बाजार आहे.

मोठा झटका आलाच, तर या चित्राचे मोल आणखी वाढते. अडकलेली गुठळी मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन ओढून काढता येते, हे २०१५ साली एकामागून एक आलेल्या चाचण्यांनी सिद्ध केले. पण गुठळी कुठल्या नसेत आहे हे दिसल्याशिवाय नळी नेणार कुठे? आणि मोठी नस बंद असताना मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब आहे. तालुक्याच्या गावाहून निघालेली गाडी आधी नुसत्या स्कॅनसाठी एका ठिकाणी आणि मग नसांच्या चित्रासाठी दुसऱ्या ठिकाणी थांबते, तेव्हा ही मिनिटे कोणाच्या खात्यावर मांडायची? दोन्ही तपासण्या एकाच टेबलावर, एकापाठोपाठ होऊ शकतात. तेव्हा घरच्यांनी ‘नॉर्मल ना?’ असे न विचारता, ‘नसांचा फोटो काढला का?’ असे विचारावे. डॉक्टर रागावतील. रागावू द्यावेत.

अण्णा त्यानंतर सात वर्षे जगले. समजत सगळे होते, बोलता मात्र ‘हो’ आणि ‘राम’ एवढेच येई. एकदा त्यांचा जुना विद्यार्थी भेटायला आला. अण्णांना बरे वाटावे म्हणून त्याने शाळेत पाठ केलेला एक श्लोक म्हणायला घेतला आणि तिसऱ्या चरणात चुकला. अण्णांनी डावा हात वर करून त्याला थांबवले. ओठ हलवले. बराच वेळ हलवले. आणि मग म्हणाले, “राम.”