ऊन पाण्याचा प्रश्न

स्मरणिकेत कृतज्ञतेचे आणि आठवणींचे लेखन यावे, असा प्रघात आहे. आंघोळीच्या पाण्यावर लेख आलेला पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या निमित्ताने एकत्र आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाला सामुदायिक देणगी द्यावयाचे ठरविले, तेव्हा पहिला प्रस्ताव आला तो पाणी तापविणाऱ्या हीट पंपाचा. त्यावर तीन बैठका झाल्या. तिन्ही बैठकांत मतभेद राहिले. आमचे मत अखेर कोठे स्थिरावले आणि का, हे देणगीदारांपुढे मोकळेपणाने ठेवावे, यासाठी हा लेख.

आम्ही म्हणजे याच वसतिगृहात वाढलेले काही जण. आमच्यापैकी कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात आहेत, कोणी बोईसरला शीतयंत्रांची दुरुस्ती करतात, दोघे शिक्षक आहेत. बंबाच्या रांगेत मात्र आम्ही सगळेच उभे राहिलो आहोत.

ती रांग ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्वयंपाकघरामागे लाकडावर तापणारा मोठा बंब आहे. मावशी पहाटे चारला उठून तो पेटवतात. साडेपाचला पहिल्या बादल्या निघतात. मोठी मुले पुढे असतात, धाकटी मागे. साडेसहानंतर जे पाणी मिळते त्याला कोमट म्हणणेही धाडसाचे ठरावे. म्हणजे ज्यांना ऊन पाण्याची सर्वाधिक गरज, तीच पाचवी-सहावीची मुले गार पाण्याने न्हातात. पावसाळ्यात लाकूड ओले, धूर दुप्पट. मावशींचे डोळे वर्षभर लाल असतात. हे आम्ही विद्यार्थिदशेत पाहत होतो, पण त्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला नव्हता.

बंबाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एका काळी मोठी मुले बादलीत विजेचा रॉड टाकीत. एकाला झटका बसला, तो सुदैवाने वाचला, आणि रॉड कायमचे बंद झाले. पुढे एका दात्याने गच्चीवर सौर बंब बसवून दिला. दोन हिवाळे त्याने उत्तम पाणी दिले. नंतर काचेच्या काही नळ्या फुटल्या, त्या बदलण्यास कोणी आले नाही, आणि आज त्या सांगाड्यावर कपडे वाळत घातले जातात. दात्याच्या नावाची पाटी मात्र शाबूत आहे. या पाटीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पहिला आक्षेप आमच्यातील वडीलधाऱ्यांचा होता. आम्ही गार पाण्याने न्हालो, आमचे काय बिघडले? या प्रश्नाला एक प्रेमळ सूर आहे, पण तो तपासून पाहिला पाहिजे. पालघर-बोईसरची किनारपट्टी तशी उबदार. परंतु वसतिगृहातील बरीच मुले जव्हार-मोखाड्याच्या उंचावरून येतात, आणि आपल्या आवारातही डिसेंबर-जानेवारीची पहाट बोचरी असते. गार पाण्याची परिणती बहुधा कणखरपणात होत नाही. ती आंघोळ चुकविण्यात होते, आणि मग खरूज एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जाते. मुलींच्या बाबतीत महिन्याच्या चार दिवसांचा विचार वेगळा करावा लागतो, तो आमच्या काळी कोणी केलाच नाही. राहिली साधेपणाची गोष्ट. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, वैद्य जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी भिक्खूंना जंताघराची, म्हणजे उष्ण स्नानगृहाची, अनुमती दिल्याची नोंद आहे. गृहत्याग केलेल्यांना जे आरोग्यासाठी चालते, ते दहा वर्षांच्या मुलास चैन म्हणून नाकारण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. विजेवर पाणी तापविणे म्हणजे उधळपट्टी, असे आमच्यातील एकाने ठामपणे सांगितले. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते खरे का आहे हे समजण्यासाठी आपल्या भागाइतकी योग्य जागा नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. अणुभट्टीत जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा विजेत रूपांतरित होतो. उरलेली उष्णता थंड करण्याच्या पाण्याबरोबर अरबी समुद्रात जाते. कोळशावर चालणाऱ्या डहाणूच्या केंद्राची गोष्टही तत्त्वतः फार वेगळी नाही. म्हणजे समुद्राकाठी दोन वाटे ऊन पाणी सोडून द्यायचे, एका वाट्याची वीज करायची, ती तारांवरून आणायची, आणि रॉडमधून पुन्हा तिचे ऊन पाणी करायचे! शिवाय ही वीज फुकट आलेली नाही. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, हे बोईसरकरांना सांगावे लागत नाही.

हीट पंपाचे वैशिष्ट्य असे की तो विजेची उष्णता करीत नाही. वीज खर्चून बाहेरच्या हवेतील उष्णता उचलतो आणि पाण्यात सोडतो. घरातील फ्रीज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम हे यंत्र उलट हेतूने करते. कॉइलमध्ये फिरणारा वायू हवेच्या उबेने वाफ होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तप्त करतो, तो पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो. एक युनिट वीज खर्चून तीन-साडेतीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात येते. तारापूरला जे दोन वाटे समुद्रात गेले, ते जणू आपण आपल्या अंगणातील हवेतून परत मिळवितो. कल्पनाही नवी नाही. ऑस्ट्रियातील एबेनझे येथील मिठाच्या कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५६च्या सुमारास तत्सम यंत्र बांधले होते. मिठागरे पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही माहिती गमतीची वाटावी.

आता हिशेब. २०० मुले, प्रत्येकी १५ लिटर पाणी, पहाटेचे २२ अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायचे, असे धरू. रोज ५४,००० किलोकॅलरी उष्णता लागते. रॉडने वा गिझरने हे केले तर सुमारे ६३ युनिटे; हीट पंपाने १८, टाकी-नळांतील गळती धरून २०. लाकडाचा हिशेब आम्ही प्रथमच मांडला आणि स्तब्ध झालो. किलोभर कोरड्या लाकडात ३,५०० किलोकॅलरी असल्या तरी आपल्या बंबात त्यांचा पाचवा हिस्सा पाण्याला मिळाला तर पुष्कळ. म्हणजे रोज पाऊणशे किलो लाकूड. हिवाळा आणि पावसाळ्याचे मिळून दीडशे दिवस धरले तरी वर्षाला ११ टन. ज्या जंगलातून ते येते, त्याच जंगलाच्या कडेला आपल्या मुलांची घरे आहेत.

गिझरच्या बाजूने एक मुद्दा मांडला गेला, तो असा की दहा गिझर हीट पंपाच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात. पण दहा गिझर पहाटे एकाच वेळी लागले की २० किलोवॅटचा भार. आपल्या जोडणीस तो झेपणार नाही. मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल आणि त्याचा स्थिर आकार वर्षभर भरावा लागेल. हीट पंप मात्र ३ किलोवॅटच्या आसपास वीज घेत सहा तासांत तेवढेच पाणी तापवितो.

आणि हे सहा तास पहाटेचे असण्याची गरज नाही. आमच्या मते साऱ्या चर्चेतील कळीची गोष्ट हीच आहे. हवा जितकी उबदार आणि पाणी जितके कमी तापवायचे, तितके यंत्राचे श्रम कमी. थंड देशांत या यंत्रापुढे हिवाळ्यातील गोठलेल्या हवेची अडचण असते; आपल्याकडे जानेवारीतही दुपारी हवा चांगली उबदार असते, आणि किनाऱ्याची दमट हवा कॉइलवर पाणी धरते तेव्हा त्या बाष्पाची उष्णताही यंत्रास मिळते. तेव्हा दुपारी बारा ते सहा यंत्र चालवावे, ५० अंशांचे २,००० लिटर पाणी चांगले आवरण असलेल्या टाकीत साठवावे, आणि पहाटे गार पाण्यात मिसळून द्यावे. साठविलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ते ६० अंशांवर न्यावे लागेल, एवढेच. यंत्रातून बाहेर पडणारी हवा गार आणि कोरडी असते. ती धान्याच्या कोठीत सोडता येईल काय, हे आमचे शीतयंत्रवाले मित्र पाहत आहेत.

इतके गुण सांगितल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. समुद्राची खारी हवा कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाते. त्यात तारापूरच्या कारखान्यांची हवा मिसळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होते, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. गंजरोधक लेप दिलेली कॉइलच घ्यावी लागेल. बोअरच्या जड पाण्याने उष्णता-विनिमयाच्या नळ्यांत क्षार साचतात. वर्षातून एकदा ते काढावे लागतात. पावसाळ्यात विजेचा दाब खाली-वर होतो, तो कॉम्प्रेसरला मानवत नाही. यंत्रात कोणता वायू आहे हेही विचारावे. आर-१३४ए हा वायू गळून हवेत गेला तर त्याची ताप वाढविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट असते; आर-३२ची त्याच्या निम्म्याहून कमी. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये स्वीकारला. दहा वर्षांनी जो वायू मिळणे कठीण होईल, तो आज भरून घेण्यात शहाणपण नाही.

पैशाच्या बाबतीत आम्ही वाचकांस भुरळ पाडू इच्छित नाही. यंत्र, टाकी, नळ आणि जोडणी मिळून खर्च काही लाखांत जातो. युनिटला १० रुपये धरले तर गिझरच्या तुलनेत रोज ४३० रुपये वाचतील. पण आपल्या हवामानात ऊन पाणी वर्षाचे बाराही महिने लागत नाही, म्हणून शहरातील हॉटेलांस किंवा रुग्णालयांस जितक्या लवकर हा खर्च भरून येतो, तितक्या लवकर आपल्याला येणार नाही. विक्रेत्यांच्या दरपत्रकांत वर्षाचे ३६५ दिवस धरलेले असतात. बैठकीत एका भगिनीने याहून मर्मभेदी प्रश्न विचारला. मुलींच्या बाजूला न्हाणीघरेच अपुरी आहेत, दोनांच्या दारांना कडी नाही. तेथे ५० अंशांचे पाणी नेऊन काय साधणार? या प्रश्नास उत्तर नव्हते. म्हणून आमच्या मूळ प्रस्तावाचा क्रम बदलला आहे. आधी न्हाणीघरे आणि कड्या. मग केवळ मुलींच्या वसतिगृहापुरता लहान हीट पंप. मुलांच्या बाजूचा निर्णय दोन हिवाळ्यांच्या नोंदी पाहून. दरम्यान सौर बंबाच्या नळ्या बदलून घ्यायच्या. उन्हाच्या दिवशी सूर्यापेक्षा स्वस्त काहीच नाही, आणि ढगाळ दिवशी हीट पंप आहेच.

आता त्या पाटीविषयी. देणगीदारास आपले नाव यंत्रावर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र बसविण्यास पैसे देणारे पुष्कळ भेटतात. तिसऱ्या वर्षी क्षार काढण्यास, पाचव्या वर्षी पंखा बदलण्यास कोणी भेटत नाही, कारण त्याची पाटी लागत नाही. सौर बंब नळ्यांअभावी मेला असे आम्ही म्हणतो, पण खरे तर तो एका दूरध्वनीअभावी मेला: कोणी कोणाला सांगायचे, हेच ठरलेले नव्हते. म्हणून आमचा आग्रह असा आहे की जमणाऱ्या रकमेचा पाचवा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत राहावा, त्याच्या व्याजातूनच देखभाल व्हावी, आणि वसतिगृहाच्या अधीक्षिकांकडे तीन माजी विद्यार्थ्यांची नावे लेखी असावीत. बोईसरहून दुचाकीवर येण्यास फार वेळ लागत नाही. ही अट मान्य नसेल तर यंत्र घेऊच नये, असे आमचे मत आहे. त्यापेक्षा बंबाला नीट धुराडे आणि मावशींना कोरडे लाकूड द्यावे, तेही कमी पुण्याचे काम नाही.

शेवटच्या बैठकीस आम्ही मावशींना बोलावले होते. यंत्र कसे चालते ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दोन प्रश्न विचारले. पहाटेच्या बंबासाठी त्यांना पगाराव्यतिरिक्त जी रक्कम मिळते, ती बंद होणार का? आणि यंत्र बिघडले की त्यांना पुन्हा चारला उठावे लागणार का? आमच्या तीन बैठकांच्या हिशेबात पहिला प्रश्न कोठेच नव्हता. ठरावात आता दोन वाक्ये वाढविली आहेत. मावशींची रक्कम त्यांच्या मूळ पगारात मिळविली जावी. आणि बंब मोडीत न काढता जागेवरच ठेवावा, मात्र बिघाडाच्या काळात तो पेटविण्याची पाळी त्या तीन माजी विद्यार्थ्यांपैकी एकाची असावी. यावर तिघांपैकी एकाने आपले नाव मागे घेतले आहे. ती जागा रिकामी आहे.